मऊ आमिषे आणि खारे पाणी: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

खाऱ्या पाण्यात गरवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मऊ कृत्रिम आमिषांकडे, म्हणजे सॉफ्ट बेट किंवा सॉफ्ट प्लास्टिक या नावाने मिळणाऱ्या रबरी मासोळ्या, कोळंब्या आणि किड्यांकडे, सुरुवातीला संशयानेच पाहतात, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. जिला धड वास नाही, जिच्यातून रक्त झिरपत नाही आणि जी बोटांत दाबली तर लहान मुलाच्या खेळण्यासारखी वाटते, अशी वस्तू मासा तोंडात तरी का धरील, हा माझा रोकडा प्रश्न होता. दोन हंगाम कातळावरून, धक्क्यावरून आणि खाडीच्या मुखाशी ही आमिषे नेमाने वापरल्यानंतर त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे. त्याहून उपयोगाच्या ठरल्या त्या पाकिटावर कुठेही न छापलेल्या काही गोष्टी, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

एखाद्या कंपनीचे एखादे आमिष घेऊन त्याचे गुणदोष सांगावेत, असा माझा आधी विचार होता. तो मी सोडून दिला, कारण एकाच पदार्थापासून बनवलेल्या दोन कंपन्यांच्या आमिषांत जेवढा फरक आढळतो, त्याच्या कितीतरी पट फरक दोन वेगळ्या पदार्थांच्या आमिषांत आढळतो, आणि विकत घेणाऱ्याचे लक्ष मात्र पदार्थाकडे सोडून रंगाकडे आणि पाकिटावरच्या जबडा वासलेल्या माशाकडे असते. त्यामुळे पदार्थ, त्यात बसणारा जिगहेड (म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ) आणि शेपूट या तीन गोष्टींना धरूनच पुढचे सगळे लिहिले आहे.

बाजारातली बहुतेक मऊ आमिषे प्लास्टिसॉलची असतात. पीव्हीसीची अतिशय बारीक भुकटी एका तेलकट द्रवात कालवलेली असते आणि हा द्रव, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात, तोच आमिषाच्या मऊपणाला कारणीभूत असतो. हे दुधाळ मिश्रण साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की भुकटी द्रव शोषून घेते, मिश्रण नितळ दिसू लागते, आणि साच्यात ओतून निववले की आपल्या ओळखीचा लवचिक आकार बाहेर पडतो. प्लास्टिसायझर सढळ हाताने घातलेला असेल तर शेपूट अगदी संथ ओढीवरही हलते, पण आमिष लवकर फाटते. तो कमी असेल तर आमिष टिकते, पण शेपटीला हलवण्यासाठी रील, म्हणजे दोरी गुंडाळण्याचे चाक, जोरात फिरवावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचे, हाच प्रत्येक उत्पादकाचा निर्णय असतो, आणि तो पाकिटावर कधीच लिहिलेला नसतो. तो आमिष शेपटीला धरून हलके ओढून पाहिल्यावरच कळतो.

काही उत्पादक मिश्रणात मीठ घालतात आणि त्याचा गाजावाजाही करतात. मिठामुळे आमिषाचे वजन वाढते, ते लांब जाते आणि चांगले बुडते, हे खरे आहे. पण मिठाच्या कणांमुळे पदार्थाची वीण विसविशीत होते आणि दोन-तीन चाव्यांतच त्याची मान तुटते. चवीचे म्हणाल तर समुद्रात मीठ नेऊन विकण्याचाच हा प्रकार मला वाटतो, पण ते माझे मत झाले.

या आमिषांचा जन्म खाऱ्या पाण्यासाठी झालेला नाही, हेही इथे सांगायला हवे, कारण त्याचा परिणाम आजही आपल्या डब्यात दिसतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लास्टिकचा गांडूळ तयार केला, तो गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी. पुढे हीच कल्पना समुद्रापर्यंत आली, पण सोबत येणारे गळ, त्यांची तार आणि त्यावरचा मुलामा कित्येकदा गोड्या पाण्याच्या हिशेबाचाच राहिला. मासोळी आणि जिगहेड एकाच पाकिटात देणाऱ्या एका संचाने मला हा धडा पहिल्याच महिन्यात शिकवला. उधाणाच्या भरतीला कातळाच्या कडेशी एक दांडगा हेकरू लागला, त्याने नेहमीप्रमाणे सरळ कपारीकडे धाव घेतली, मी रील घट्ट धरले, आणि क्षणभराने दोरी हलकी होऊन हातात आली. दोरी तुटलेली नव्हती, गाठही शाबूत होती. गळ मात्र जवळजवळ सरळ खिळ्यासारखा झाला होता. आमिष गळाच्या मुळाशी गोळा होऊन बसले होते आणि त्यावर दातांची स्वच्छ रांग उमटली होती. म्हणजे आमिषाने त्याचे काम चोख केले होते आणि त्याच्यासोबत दिलेल्या लोखंडाने दगा दिला होता.

म्हणूनच माझे पहिले आणि सर्वांत ठाम मत हे की, मऊ आमिष हा अर्धाच माल आहे. उरलेला अर्धा म्हणजे जिगहेड. त्यावर आमिषापेक्षा जास्त विचार आणि गरज पडल्यास जास्त पैसेही खर्च करावेत. जिगहेडमध्ये मी तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे गळाची तार, जी बोटांनी वाकवून पाहताना दाद देता कामा नये. दुसरी म्हणजे डोक्यामागचा काटा, जो आमिषाला जागेवर धरून ठेवतो. हा काटा नुसताच शिशाचा गुळगुळीत उंचवटा असेल, तर दोन-चार फेकींनंतर आमिष घसरून गळाच्या वळणात गोळा होते आणि आपण पाण्यातून एक चुरगळलेला लगदा ओढत बसतो. तिसरी गोष्ट म्हणजे गळाची लांबी, आणि इथे बहुतेकांची चूक होते. साडेसात सेंटिमीटरच्या मासोळीला मी १/० मापाचा, दहा सेंटिमीटरच्या मासोळीला त्याहून मोठा, ३/० च्या आसपासचा गळ वापरतो. पण आकडे कंपनीगणिक थोडे बदलत असल्याने खरी कसोटी अशी की, गळाचे टोक आमिषाच्या पाठीतून निम्म्याच्या थोडे अलीकडे बाहेर पडावे. ते फार मागे गेले तर शेपटीकडचा भाग ताठ होऊन हलत नाही, आणि फार पुढे राहिले तर मासा शेपूट कुरतडून निघून जातो.

आमिष गळावर चढवण्याचे काम दिसायला सोपे, पण सगळे यशापयश त्यातच आहे. मी जिगहेड आमिषाच्या शेजारी धरतो, डोक्याची मागची कड मासोळीच्या नाकाशी नेमकी जुळवतो, आणि गळाचे वळण जिथे येईल तिथे पाठीवर नखाने खूण करतो. मग टोक नाकाच्या अगदी मध्यातून आत घालून, मासोळी गळावर मोज्यासारखी चढवत नेतो आणि खुणेवरच टोक बाहेर काढतो. शिवण असलेली मासोळी असेल तर साच्याची जोडरेषा मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडते: गळ त्या रेषेवरूनच बाहेर आला पाहिजे. एवढे केल्यावर ती पायाशी, उथळ निवळ पाण्यात सोडून एकदा ओढून पाहावी. अंग सरळ राहून शेपूट हलत असेल तर ठीक. ती स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागली तर कितीही कंटाळा आला तरी काढून पुन्हा चढवावी, कारण गिरक्या घेणारी मासोळी मासा तर घेत नाहीच, वर दोरीला असा पीळ देते की पुढची अर्धी वेळ गुंता सोडवण्यात जाते.

आता पदार्थांकडे परत येतो. प्लास्टिसॉलशिवाय दुसरा प्रकार म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर, ज्याला थोडक्यात टीपीई म्हणतात. झेड-मॅन या कंपनीचे इलाझटेक हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. हा पदार्थ विलक्षण ताणला जातो आणि सोडला की पूर्वपदावर येतो. ज्या पाण्यात केंड मासे असतात तिथे याची किंमत कळते. केंडाला चोचीसारखे दात असतात आणि तो गळाला न लागता शेपूट तेवढी कात्रीने कापल्यासारखी उडवतो. प्लास्टिसॉलच्या मासोळ्यांचे एक पूर्ण पाकीट त्याने माझ्याकडून एका ओहोटीत संपवून घेतले आहे. टीपीईची मासोळीही त्याच्यापुढे अजिंक्य नाही, पण जिथे पहिली एका चाव्यात निकामी होते तिथे दुसरी बराच वेळ लढत राहते. शिवाय हा पदार्थ पाण्यापेक्षा हलका असल्याने जिगहेड तळावर टेकला की शेपूट वर तरंगते, आणि वाळूत तोंड खुपसून चरणाऱ्या छोट्या माशासारखे किंवा नांग्या उगारलेल्या चिंबोरीसारखे दृश्य आपोआप तयार होते. तळावर स्थिर ठेवून गरवायचे असेल तर या गुणाला तोड नाही.

पण हाच हलकेपणा मध्य पाण्यात अडचणीचा ठरतो, कारण तेवढ्याच वजनाच्या जिगहेडवर टीपीईची मासोळी प्लास्टिसॉलच्या मासोळीपेक्षा हळू बुडते आणि कमी लांब जाते. गळावर चढवतानाही ती चिकटून बसते, पुढे सरकत नाही. पाण्यात भिजवून घेतल्यास त्रास कमी होतो. आणि तिला डब्यात दुमडून ठेवले तर ती कायमची वाकडी होते.

ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर माझा सर्वांत महागडा मूर्खपणा इथेच सांगून टाकतो. पहिल्या हंगामाच्या शेवटी सगळी पाकिटे फेकून देऊन, आटोपशीर दिसावे म्हणून मी सर्व मासोळ्या खणांच्या एका पारदर्शक डब्यात रंगांनुसार लावून ठेवल्या. काही आठवड्यांनी डबा उघडला तेव्हा ज्या खणांत दोन्ही पदार्थ शेजारी होते तिथे मासोळ्या उरल्याच नव्हत्या; गूळ पाघळावा तसा एक चिकट, रंगीत गोळा तळाला बसला होता. लाल मासोळीचा रंग पांढऱ्या मासोळीत उतरला होता, आणि डब्याचा तळ धुरकट होऊन बोटाला चिकटत होता. कारण साधे आहे: प्लास्टिसॉलमधला तेलकट प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर पाझरत असतो, तो टीपीईला विरघळवतो आणि काही कडक प्लास्टिकच्या डब्यांनाही खातो, रंगवलेल्या कडक आमिषांचा रंगही तो सोलून काढतो. पॉलिप्रॉपिलीनचे डबे त्याला दाद देत नाहीत. पण सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक मासोळी तिच्या मूळ पाकिटातच ठेवणे आणि दोन पदार्थांची गाठ कधीही पडू न देणे. टीपीईच्या पाकिटांवर ही सूचना बहुधा असते. मी ती वाचली नव्हती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

तिसरा प्रकार पीव्हीसीऐवजी पाण्याच्या आधारावर बनवलेल्या आमिषांचा. बर्कली कंपनीचे गल्प हे त्यातले सर्वपरिचित नाव. प्लास्टिसॉलमध्ये गंध मिसळला तरी तो तेलात अडकून राहतो आणि पाण्यात फारसा सुटत नाही. पाण्याच्या आधारावरच्या पदार्थातून मात्र गंध सतत बाहेर पडत राहतो, आणि मासा ते तोंडात थोडा जास्त वेळ धरून ठेवतो, असा माझाही अनुभव आहे. तांबोशीसारखा चोखंदळ मासा कोरडी मासोळी तोंडात घेऊन क्षणार्धात थुंकतो. पाण्याच्या आधारावरच्या आमिषावर मात्र तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टोचतो आणि आपल्याला झटका देण्याइतका अवधी देतो. ज्या दिवशी पाणी मंद असते आणि मासा पाठलाग करायला तयार नसतो, त्या दिवशी मी निमूटपणे हेच आमिष काढतो.

त्याची किंमत त्रासाच्या रूपाने मोजावी लागते. ही आमिषे त्यांच्या रसातच बुडवून ठेवावी लागतात, आणि त्या रसाचा वास इतका चिवट असतो की, एकदा पिशवीत सांडला की त्या पिशवीचा दुसरा काही उपयोग उरत नाही. पाकिटाची कड नीट बंद झाली नाही तर रस आटतो आणि आमिष आक्रसते. उन्हात काठीला लटकत ठेवलेले आमिष तासाभरात आक्रसून गळाभोवती असे घट्ट आवळते की ते काढायला चाकू घ्यावा लागतो. म्हणून गरवणे थांबवले की ते गळावरून लगेच उतरवावे, मग कितीही घाई असो. शेपटीची हालचाल या पदार्थात प्लास्टिसॉलइतकी जिवंत नसते; त्यामुळे याच्या पॅडल टेलपेक्षा, म्हणजे जाड, आडव्या शेपटीच्या मासोळ्यांपेक्षा, याचे किडे आणि कोळंब्या घेणे मला शहाणपणाचे वाटते, कारण त्यांच्याकडून हालचालीची अपेक्षाच कमी असते.

आकारांचे म्हणाल तर खुरासारखी जाड, आडवी शेपटी असलेली पॅडल टेल ही नवशिक्याची आणि जाणत्याचीही पहिली निवड आहे. नुसते रील फिरवले तरी तिची शेपूट ठोके देते आणि हे ठोके माशाला दिसण्याआधी त्याच्या अंगावरच्या, पाण्यातली थरथर टिपणाऱ्या पार्श्वरेषेला जाणवतात. त्यामुळे अंधारात आणि थोड्या गढूळ पाण्यातही ती काम करते. बारीक, सरळ शेपटीची मासोळी स्वतःहून काहीच करत नाही, तिला काठीच्या टोकाने झटके देऊन नाचवावे लागते, पण निवळशंख पाण्यात जिथे मासा जवळ येऊन न्याहाळतो तिथे तीच अधिक खरी वाटते. वळणदार शेपटीच्या आमिषांना अगदी कमी ओढ पुरते आणि ती पडता पडताही वळवळतात. फक्त कुरतडणारे मासे असतील तर ती पहिल्यांदा बळी जातात.

रंगांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे दुकानात झळाळणारी लाल मासोळी काही मीटर खाली काळपट सावलीसारखीच दिसते. निवळ पाण्यात पारदर्शक किंवा पोटाशी पांढरी, गढूळ पाण्यात पांढरी किंवा झगझगीत पोपटी, आणि रात्री काळी, एवढ्यावर माझे भागते. उरलेले सगळे रंग गरवणाऱ्यासाठी असतात.

वजनाचा विचार मात्र दर वेळी नव्याने करावा लागतो. भांगाच्या भरतीला, जेव्हा ओढ कमी असते, दोन-तीन मीटर पाण्यात मला ७ ग्रॅमचा जिगहेड पुरतो. त्याच जागी उधाणाला १४ ग्रॅमही वाहून जातो आणि २१ ग्रॅम लावावा लागतो. नियम एवढाच की, तळाला टेकल्याचे जाणवेल इतपत जड आणि त्याहून किंचितही जास्त जड नाही. जास्त जड जिगहेड कपारीत अडकतो आणि मासोळीला दगडासारखे खाली खेचतो. योग्य वजनाचा असेल तर ती जखमी माशासारखी तिरकी, थबकत उतरते, आणि बहुतेक मासे तिला याच उतरणीत उचलतात. मी फेक पाण्यावर पडल्यापासून मनात आकडे मोजतो. पहिल्या फेकीला तळ लागायला आठ आकडे लागले आणि पुढच्या फेकीला पाचव्या आकड्यालाच दोरी सैल पडली, तर तो तळ नसून मासा आहे.

असाच एक जिताडा मला आठवतो. पाणी नुकतेच फिरले होते, सुकतीची, म्हणजे ओहोटीची, पहिली ओढ खाडीच्या तोंडाशी एक रेघ काढत होती, आणि मी दहा सेंटिमीटरची पांढरी पॅडल टेल ओढीच्या वरच्या अंगाला फेकून तिला त्या रेघेखालून वाहू देत होतो. दोन वेळा उचलून सोडली, तिसऱ्यांदा सोडली तेव्हा हाताला झटका बसला नाही, फक्त दारावर बोटाने टकटक करावी तसा एक बारीक ठोका आला आणि दोरीतला ताणच नाहीसा झाला. नवखा असताना मी इथे थांबून विचार केला असता. तोपर्यंत एवढे कळले होते की, सैल पडलेली दोरी म्हणजे मासा आमिष घेऊन आपल्याच दिशेने येतो आहे. भराभर रील फिरवून ढील काढली, काठीला वजन लागताच झटका दिला, आणि पुढच्या क्षणी कल्ले फुगवून, डोके झटकत तो पाण्याबाहेर आला. गळ तोंडाच्या कोपऱ्यात होता. मासोळी तोपर्यंत दोरीवर वीतभर वर सरकली होती, म्हणून तिच्या अंगावर एक चीरसुद्धा पडली नाही, आणि तिनेच त्या सकाळी आणखी दोन मासे दिले.

हे ठोके हातापर्यंत पोहोचण्यासाठी दोरी बारीक आणि न ताणणारी हवी. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, ताणला जातो, त्यामुळे लांबवरचा ठोका त्यात विरून जातो. ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेली, दोरी जवळजवळ ताणली जात नाही, आणि बारीक असल्याने ओढीला व वाऱ्याला कमी पकड देते. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते, आणि दगडावर घासली की लगेच तुटते, म्हणून तिच्या टोकाला दीड-दोन हात फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि जिगहेड यांच्यामधला तुकडा, जोडावा. फ्लुरोकार्बन पाण्याहून जड असतो, घर्षण सोसतो, आणि प्रकाश वळवण्याचा त्याचा गुण पाण्याच्या जवळपासचा असल्याने नायलॉनपेक्षा कमी दिसतो. जिगहेड सैल वळशाच्या गाठीने बांधला तर मासोळीला हलायला मोकळीक मिळते.

जिथे तळाशी शेवाळ आणि खडपे आहेत तिथे उघडा गळ म्हणजे दर फेकीला एक आमिष समुद्राला अर्पण करणे. अशा जागी गळाचे टोक मासोळीच्या पाठीत लपवून ठेवणारी, वाकड्या मानेच्या गळाची जोडणी वापरावी. पोटाशी चीर असलेल्या मासोळ्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. अडकणे पुष्कळ कमी होते. मात्र टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग माशाच्या जबड्यात जायचे असल्याने झटका जोरकस द्यावा लागतो, आणि मऊ टोकाची काठी असेल तर काही मासे हमखास सुटतात.

ही आमिषे कुठे कमी पडतात हे सांगितल्याशिवाय अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. पावसाच्या लोंढ्याने पाणी तांबडे-गढूळ झाले की पॅडल टेलचे ठोकेही पुरत नाहीत आणि शेजारी ताज्या कोळंबीवर किंवा माकुळाच्या तुकड्यावर बसलेला माणूस निवांत मासे काढत असतो. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. वाऱ्याच्या तोंडावर लांब फेक हवी असेल तर धातूचा जिग, म्हणजे गळ लावलेले जड धातूचे आमिष, मऊ मासोळीच्या कितीतरी पुढे जातो. धारदार दातांचे मासे, उदाहरणार्थ सुरमई, आले की एकेका चाव्याला एकेक मासोळी जाते, आणि अशा वेळी मऊ आमिष वापरणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. उलट पक्षी, ताज्या आमिषासाठी पहाटे वणवण करावी लागत नाही, खिशात चार पाकिटे टाकली की निघता येते, आणि एका जागी बसून राहण्याऐवजी कातळाच्या कडेने चालत चालत पाणी धुंडाळता येते. माझ्या मते या आमिषांचा खरा फायदा वासात किंवा रंगात नसून या चालण्यात आहे.

देखभाल थोडी आहे, पण टाळता येण्यासारखी नाही. मीठ घातलेली मासोळी गळावर तशीच ठेवली तर ते मीठ ओल धरून ठेवते आणि दोन दिवसांत गळ आतून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे घरी आल्यावर मासोळ्या उतरवून जिगहेड गोड्या पाण्यात धुवून वाळवावेत. पाकिटात दाबून शेपूट वाकडी झाली असेल, आणि घाईने भरलेल्या पाकिटांत ती नेहमीच झालेली असते, तर प्लास्टिसॉलची मासोळी पंधरा-वीस सेकंद कढत पाण्यात धरून लगेच गार पाण्यात सोडली की सरळ होते. फाटलेली मान तापवलेल्या सुरीच्या पात्याने दोन्ही कडा वितळवून जोडता येते, किंवा झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एक थेंबही पुरतो. वितळवण्याचे काम मात्र मोकळ्या हवेत करावे आणि ज्योत थेट लावू नये, कारण जळणाऱ्या पीव्हीसीचा धूर घशाला आणि फुप्फुसांना घातक असतो.

एक खंत उरते ती सुटलेल्या तुकड्यांची. प्लास्टिसॉल पाण्यात कुजत नाही. तुटलेली शेपूट तळाशी पडते आणि कोणीतरी मासा ती खरोखरीचे अन्न समजून गिळतो. साफ करताना एका हेकरूच्या पोटात मला कोणाची तरी जुनी, फुगून दुप्पट झालेली मासोळी सापडली होती, आणि तिच्याकडे पाहून मला माझ्याच हरवलेल्या मासोळ्या आठवल्या. फाटलेले आमिष पाण्यात भिरकावणे ही सवय मी तेव्हापासून सोडली. आता कमरेच्या पिशवीत रुंद तोंडाची एक बाटली असते, तिच्यात तुकडे जमा होतात, आणि दुरुस्त होण्यासारखे असतील ते होतात.

विकत घेणाऱ्याला नेमका सल्ला हवा असेल तर माझा असा आहे. पहिल्या खरेदीत दहा सेंटिमीटरच्या प्लास्टिसॉलच्या पॅडल टेल एका पांढऱ्या आणि एका पारदर्शक रंगात घ्याव्यात, आणि उरलेले सगळे पैसे ७, १४ आणि २१ ग्रॅमच्या जाड तारेच्या जिगहेडमध्ये घालावेत. पाण्यात केंड आहेत हे कुरतडलेल्या शेपट्यांवरून कळले की टीपीईचे एक पाकीट घ्यावे आणि ते वेगळ्या खिशात ठेवावे. पाण्याच्या आधारावरचे आमिष दुसऱ्या हंगामापर्यंत घेऊ नये, कारण त्याचा गंध नवशिक्याची चूक झाकतो: मासे लागत राहतात आणि मासोळी वाकडी चढवली आहे हे कळतच नाही. मासोळी आणि जिगहेड एकत्र देणारे संच घेण्याआधी पाकीट उघडायला सांगावे आणि गळ बोटांनी वाकवून पाहावा. दुकानदार नको म्हणाला तर ते पाकीट जागेवर ठेवून यावे.